गुप्तांगावरच्या चामखिळी: औषध कसं लावायचं, आणि त्वचा सोलवटली तर काय करायचं

परळला औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षं उभं राहिलं की गिऱ्हाईक काय मागणार ते त्याच्या उभं राहण्यावरून कळू लागतं. गुप्तांगावर काहीतरी उगवलेला माणूस आधी तापाच्या गोळ्यांची पट्टी घेतो, सुटे पैसे मोजत बसतो, शेजारची काकी निघून जाईपर्यंत रेंगाळतो आणि मग काउंटरवर वाकून म्हणतो, "दादा, ती चामखिळीची ट्यूब असते ना, ती द्या." तोवर त्याने बहुतेकदा काहीतरी लावलेलं असतं. कोणी चुना, कोणी लसूण, कोणी पायाच्या भोवरीचं औषध, तर कोणी मित्राने दिलेली खाजेची क्रीम.

या चामखिळींवरची औषधं चांगली आहेत आणि बऱ्याच जणांना गुणही येतो. त्रास होतो तो मुख्यतः हात जड असल्यामुळे: जास्त औषध, जास्त वेळा, चामखिळीबाहेरच्या चांगल्या कातडीवर, आणि निदान न करता लावलेलं. थोडी लाली, थोडी जळजळ तर काही औषधांत यायलाच हवी. ती कुठवर चालते आणि कुठे थांबायचं, एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते.

आधी ती चामखीळच आहे ना?

या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. त्याचे शंभरावर प्रकार आहेत आणि गुप्तांगावरच्या साधारण ९० टक्के चामखिळी ६ आणि ११ या दोन प्रकारांच्या असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार असतात. म्हणजे चामखीळ दिसली की कॅन्सर झाला, हे समीकरण मनातून काढून टाका.

दिसायला त्या मऊ, कातडीच्या रंगाच्या किंवा जरा काळपट, कधी सपाट तर कधी फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या असतात. पण तशा दिसणाऱ्या दुसऱ्याही गोष्टी आहेत. शिश्नमण्याच्या कडेने ओळीत बसलेले एकसारखे, गुळगुळीत, बारीक दाणे पुष्कळ पुरुषांना असतात. तो आजार नाही आणि त्यावर काहीही लावायचं नसतं. बायकांच्या योनीमुखाच्या आतल्या बाजूला सारख्या उंचीचे मऊ दाणे असतात, तेही नैसर्गिकच. मोत्यासारखा चमकणारा आणि मध्ये खळगा असलेला फोड हा वेगळ्याच विषाणूचा. सगळ्यात फसवा प्रकार सिफिलिस या लैंगिक आजाराचा. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात गुप्तांगावर सपाट, ओलसर, पांढुरके उंचवटे येतात. त्यांच्यावर चामखिळीचं मलम चोळत बसलात तर महिने जातात आणि आजार आत पसरत राहतो. खरा उपाय असतो पेनिसिलिनचं इंजेक्शन.

गुदद्वाराजवळ काही लागलं की आपल्याकडे लगेच 'मोड आले' म्हणतात आणि मूळव्याधीचं मलम सुरू होतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग, एकाच भेटीत' ही पत्रकं वाचून फोन करणारेही कमी नाहीत. ते पैसे वाचवा. तिथे चामखिळी गुदमार्गाने संबंध न ठेवणाऱ्यांनाही होऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांसमोर लाजून मूळव्याधीचा आडोसा घेण्यात अर्थ नाही. आतल्या बाजूलाही चामखिळी आहेत का ते डॉक्टर छोट्या नळीतून बघतात. आतल्या चामखिळींवर घरी लावायची औषधं चालत नाहीत.

दाखवायचं कुठे? मुंबईत त्यासाठी महागडा दवाखानाच गाठायला हवा असं काही नाही. परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, पार्ल्याचं कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जे. जे., या सगळीकडे त्वचा व गुप्तरोगाची ओपीडी आहे. केसपेपर काढायच्या खिडकीवर नुसतं 'स्किन' म्हटलं तरी पुरतं, तिथे कुणी पुढचं विचारत नाही. सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमात 'सुरक्षा क्लिनिक' नावाने लैंगिक आजारांची तपासणी आणि सल्ला मोफत मिळतो. जवळचं केंद्र कोणतं ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना मोठ्या ओपीडीत अवघडल्यासारखं होत असेल, तर सांताक्रूझ भागातली हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९० च्या दशकापासून त्यांच्यासाठीच काम करते.

निदान सहसा नुसतं बघून होतं. त्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि कावीळ-बी या रक्ताच्या चाचण्या करून घ्या. एक लैंगिक संसर्ग सापडला की बाकीचे तपासणं हा शहाणपणा आहे, तुमच्या चारित्र्यावरचा शेरा नव्हे. गाठ कडक असेल, काळी पडली असेल, आपोआप रक्त येत असेल, जखम भरत नसेल किंवा औषधाने उलट वाढत असेल, तर छोटा तुकडा काढून तपासतात. त्याला नाही म्हणू नका. लहान मुलाच्या गुप्तांगावर असं काही दिसलं तर घरी एक थेंबही लावू नका, थेट मोठ्या रुग्णालयात बालरोग विभागात न्या.

काय अजिबात लावायचं नाही

हातापायाच्या चामखिळीवरचं, भोवरीवरचं सॅलिसिलिक आम्लाचं औषध तळपायाच्या जाड कातडीसाठी असतं. जांघेतली कातडी त्याने भाजून निघते. चुना-सोडा, पापडखार, अगरबत्तीचा चटका, घोड्याचा केस बांधून गाठ आवळणं हे सगळं आजीच्या काळातलं, आणि तेव्हाही ते मानेवरच्या लोंबत्या चामखिळीसाठी असायचं. सफरचंदाच्या व्हिनेगरचे व्हिडिओ बघून कापूस बांधून झोपणारे आता भेटतात. सकाळी चामखीळ तशीच असते, भोवतीची कातडी मात्र गेलेली असते.

माझ्या मते यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ती 'थ्री इन वन' खाजेची ट्यूब. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र. पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते म्हणून माणूस खूश होतो. पण स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते, कातडी पातळ होते, आणि आपल्या दमट हवेत जांघेतला नायटाही त्याच्या जोडीने फोफावतो. तुमच्याकडे ती ट्यूब असेल तर डॉक्टरांना नाव दाखवा. लपवलीत तर पुढचं औषध का आग करतंय याचा उलगडा त्यांनाही होणार नाही.

आणि रेझर. चामखिळी असताना तिथले केस वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापल्यांतून विषाणू बाजूला पसरतो आणि एका रेषेत नवे दाणे येतात. फारच गरज वाटली तर कात्रीने कमी करा.

घरी लावायचं मुख्य औषध: इमिक्विमॉड

आपल्याकडे घरी लावण्यासाठी सर्वांत जास्त लिहून दिलं जातं ते इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम. छोट्या पाकिटांत येतं, एका पाकिटात पाव ग्रॅम. हे औषध चामखीळ जाळत नाही. ते कातडीतल्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, इंटरफेरॉनसारखी द्रव्यं तिथे तयार होतात आणि शरीर स्वतःच विषाणूग्रस्त पेशी मारतं. म्हणूनच ते सावकाश काम करतं आणि म्हणूनच लालीही येते. 'आठ दिवस लावलं, काही नाही झालं' म्हणून दुप्पट लावणारे इथेच फसतात.

नेहमीची पद्धत अशी: आठवड्यातून तीन रात्री, एक दिवस आड. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. लागोपाठ दोन रात्री कधीच नाही. झोपताना लावायचं, ६ ते १० तासांनी साबण-पाण्याने धुवायचं. चामखिळी जाईपर्यंत चालू ठेवायचं, पण जास्तीत जास्त १६ आठवडे. एखादी रात्र चुकली तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी भरपाई करू नका.

आता प्रत्यक्ष लावताना. आधी हात धुवा. जागा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन टिपून कोरडी करा, रगडू नका. ओल्या कातडीवर क्रीम पसरतं आणि नको तिथे जातं. आंघोळीनंतर लगेच न लावता दहा मिनिटं जाऊ द्या. पाकीट कोपऱ्यातून फोडा आणि बोटाच्या टोकावर मुगाच्या डाळीएवढं क्रीम घ्या. दोन-चार चामखिळींना एवढं पुरतं. फक्त चामखिळीवर लावून ते दिसेनासं होईपर्यंत हलकेच चोळा. पांढरा थर उरला असेल तर जास्त झालं असं समजा. पुसून घ्या. वरून पट्टी, प्लॅस्टिक किंवा घट्ट चड्डी नको. सुती सैल चड्डी किंवा लुंगी बरी, बायकांना गाऊन. पुन्हा हात धुवा. पाकिटात उरलेलं टाकून द्या. महाग आहे म्हणून चिमटा लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेली पाकिटं मी पाहिली आहेत. उघडलेलं पाकीट दुसऱ्यांदा वापरायचं नसतं.

एका खोलीत पाच माणसं झोपतात अशा घरात हे सगळं करायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. मोरीत किंवा चाळीच्या संडासात जाऊन लावा आणि पाकीट कागदात गुंडाळून टाका. धुण्याची वेळ मात्र आधीच जुळवा. नळाला सकाळी सहाला पाणी येत असेल तर रात्री दहा-अकराला लावलेलं सकाळी सात-आठपर्यंत आरामात धुतलं जातं. रात्रपाळी असेल तर दिवसा झोपताना लावा. औषधाला रात्रीचं काही पडलेलं नाही, त्याला हवेत सलग सहा-आठ तास, ज्यात तुम्ही धावपळ करत नाही आणि घाम येत नाही. पाकिटं गॅसच्या ओट्याजवळ किंवा फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका. थंड जागी ठेवा, पण गोठवू नका.

योनीमार्गाच्या आत, लघवीच्या छिद्रात आणि गुदद्वाराच्या आत हे लावायचं नाही. सुंता न झालेल्या पुरुषांनी पुढच्या कातडीखाली लावलं असेल तर सकाळी कातडी मागे घेऊन नीट धुवायचं आणि कातडी परत पुढे आणायची. सूज येऊन कातडी मागे जाणं कठीण व्हायला लागलं तर औषध तिथेच थांबवा. मागे घेतलेली कातडी पुढे येतच नसेल, तर ती रात्र घरी काढू नका, कॅज्युअल्टी गाठा. मासिक पाळीत औषध लावता येतं. टॅम्पॉन वापरत असाल तर तो आधी आणि औषध नंतर.

लाली कुठवर चालते

साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात कातडी लाल होते, खाजते, जराशी सोलते, कधी किंचित चिकट पाणी येतं. बसताना जाणवतं पण कामावर जाता येतं, चालता येतं, लघवीला आग होत नाही. इथवर सगळं ठीक आहे. औषध काम करतंय. काहींना लाली येतच नाही आणि तरीही गुण येतो, तेव्हा लाली ओढून आणायला जाऊ नका.

त्यापुढची पायरी म्हणजे कातडी सोलून ओली जखम होणं, चड्डी चिकटणं, जिना उतरताना मांड्या फाकवून चालावं लागणं. सकाळी विरार लोकलमध्ये दोन माणसांच्या मध्ये चेंगरून उभं राहवत नसेल, तर तो निकष पुरेसा आहे. औषध थांबवा. साध्या कोमट पाण्याने धुवा, टिपा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. कोमट पाण्याच्या टबात किंवा परातीत दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसलात तर आग कमी होते. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हळद, टाल्कम पावडर यातलं काही नको. घरातली स्टेरॉइडची ट्यूब तर मुळीच नको. चार-सहा दिवसांत कातडी भरून आली की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा ते आठवड्यातून दोनदावर आणतात. खंड पडला म्हणजे उपचार वाया गेला असं नसतं, आणि १६ आठवड्यांची मुदत त्यासाठी पुढे ढकलायचीही नसते.

लगेच जायला हवं अशी लक्षणं थोडीच आहेत, पण लक्षात ठेवा: योनीमुखाला इतकी सूज की लघवीच होत नाही, खोल व्रण किंवा पू, जांघेत दुखरी गाठ आणि ताप, लाली मांडीवर, पोटावर पसरत जाणं.

इमिक्विमॉडने काही जणांना अंग मोडून येतं, कणकण, डोकेदुखी, थकवा येतो, विशेषतः लावल्याच्या दुसऱ्या दिवशी. पॅरासिटामॉलने आणि आरामाने ते जातं. पण जून ते ऑक्टोबर या काळात मुंबईत ताप आला आणि तुम्ही 'क्रीममुळे असेल' म्हणून बसून राहिलात, तर ते अंगाशी येईल. मलेरिया, डेंग्यू आणि साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोस्पायरोसिस, यांच्या तपासण्या आधी. क्रीमचा ताप सहसा थोडका असतो आणि खंड घेतल्यावर ओसरतो. १०१ च्या वर जाणारा, थंडी वाजून येणारा ताप पावसाळ्यात क्रीमच्या खात्यावर टाकू नका.

आता रंगाबद्दल. आपल्या सावळ्या कातडीवर कुठलाही दाह काळा डाग सोडून जातो. तो महिन्यांनी फिकट होतो, त्यासाठी वेगळं काही लावायची गरज नसते. पण इमिक्विमॉडने काही जणांना कोडासारखे पांढरे डाग पडतात आणि ते कायमचे राहू शकतात. हे फार वेळा होत नाही, पण औषध सुरू करण्याआधी कळलेलं बरं. स्वतःला किंवा घरात कोणाला कोड असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. सोरायसिस असेल, किडनी किंवा दुसऱ्या अवयवाचं प्रत्यारोपण झालं असेल तरही सांगा, कारण हे औषध प्रतिकारशक्तीलाच चाळवतं.

पोडोफायलोटॉक्सिन: तीन दिवस काम, चार दिवस सुट्टी

घरी लावायचं दुसरं औषध ०.५ टक्के पोडोफायलोटॉक्सिनचं द्रावण किंवा जेल. हे चामखिळीच्या पेशींची वाढच रोखतं, त्यामुळे परिणाम लवकर दिसतो. सकाळ-संध्याकाळ असं तीन दिवस लावायचं, पुढचे चार दिवस काहीच नाही. असे जास्तीत जास्त चार फेरे. दिवसाला अर्धा मिलिलिटरपेक्षा जास्त नाही आणि चामखिळींचं एकूण क्षेत्र १० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर हे औषध घरी वापरायचं नाही.

इथे आधी चामखिळीच्या भोवतीच्या चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेली लावून घ्या. मग काडीला किंवा इअरबडला औषध घेऊन नेमकं चामखिळीवर टेकवा आणि सुकेपर्यंत पाय जवळ आणू नका, नाहीतर समोरच्या कातडीला लागतं. पहिल्यांदा आरसा आणि चांगला उजेड घ्या. जागा स्वतःला दिसत नसेल, तर डॉक्टरांकडून किंवा विश्वासाच्या जोडीदाराकडून लावून घ्या, अंदाजाने लावू नका. द्रावणात अल्कोहोल असतं, त्यामुळे देवघरातली समई किंवा पेटता गॅस यांच्याजवळ बाटली उघडू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग आणि बारीक जखमा होतात. सुट्टीचे चार दिवस त्यासाठीच असतात. 'आता लागू पडतंय' या उत्साहात सुट्टी रद्द करणारा माणूस पाचव्या दिवशी डॉक्टरकडे असतो. इमिक्विमॉड आणि हे, दोन्ही एकदम वापरण्याचं कारण नाही.

हिरव्या चहाच्या अर्कापासून बनवलेलं एक मलमही आहे, अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झालेलं. इथल्या काउंटरवर ते क्वचितच मागितलं जातं. घरचा ग्रीन टी उकळून लावणं हा त्याला पर्याय नाही, एवढंच सांगतो.

डॉक्टरांच्या हातून लागणारी औषधं

पोडोफायलिन नावाचं तपकिरी, चिकट औषध अजूनही ओपीडीत वापरतात. हिमालयातल्या एका वनस्पतीच्या मुळांपासून ते मिळतं. वर सांगितलेल्या पोडोफायलोटॉक्सिनचंच हे जुनं, भरड आणि जास्त विषारी रूप. ते घरी लावायला आणायचंच नाही. नर्स किंवा डॉक्टर लावतात, सुकू देतात आणि ठरावीक वेळाने धुवायला सांगतात, सहसा एक ते चार तासांनी, पहिल्या वेळी लवकर. ही वेळ विचारून फोनवर गजर लावा. परळहून कसारा किंवा विरार गाठायला लागणारा वेळ त्यात धरा. गाडी चुकली, मेगाब्लॉक लागला की धुण्याची वेळ प्लॅटफॉर्मवरच निघून जाते. लांब राहत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, रुग्णालयाच्या बाथरूममध्ये धुऊनच निघा. मोठ्या भागावर किंवा जखमेवर लागलं तर ते रक्तात शोषलं जातं. उलट्या, हातापायाला मुंग्या, गुंगी, बरळणं असं काही झालं तर ताबडतोब रुग्णालयात जा आणि पोडोफायलिन लावलं होतं हे सांगा.

ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल, डॉक्टर ज्याला टीसीए म्हणतात, ते ८० ते ९० टक्क्यांचं असतं आणि चामखीळ सरळ भाजतं. लावल्यावर जागा पांढरी होते आणि काही मिनिटं कडक झोंबते. श्वास रोखून धरू नका, हालू नका, कारण एक थेंब ओघळला तर चांगली कातडी भाजते. ओघळलंच तर तिथल्या तिथे साबणाने किंवा खायच्या सोड्याने ते निकामी करतात, म्हणून आग चुकीच्या जागी वाटली तर लाजत बसू नका, लगेच बोला. नंतर खपली धरते आणि आपोआप पडते. ओढून काढलीत तर व्रण राहतो. गरज पडली तर आठवड्याच्या अंतराने पुन्हा लावतात.

द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं म्हणजे क्रायो. उणे १९६ अंशांचा थंडावा, त्यामुळे झोंबतं, दुसऱ्या दिवशी पाण्याचा फोड येऊ शकतो. तो फोडू नका. कॉटरी म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळणं, लेझर आणि कापून काढणं हे मोठ्या किंवा हट्टी चामखिळींसाठी. एकाच दिवसात स्वच्छ होतं, पण विषाणू आजूबाजूच्या कातडीत उरतोच, म्हणून 'लेझरने कायमचं मुळासकट' या जाहिरातीवर पैसे उधळू नका.

कोणतं निवडायचं हे मी काउंटरवरून सांगत नाही. साधारण कल मात्र असा दिसतो: मऊ, ओलसर जागेतल्या थोड्या चामखिळींना लावायची औषधं चांगली लागू पडतात. कोरड्या, जाड, जुन्या चामखिळींना क्रायो किंवा कॉटरी बरी. वारंवार सुट्टी घेता येत नसेल तर घरचं क्रीम. आणि स्वतःच्या हाताने नीट लावलं जाणार नाही असं वाटत असेल तर ओपीडीच्या फेऱ्याच परवडतात.

गरोदरपण

गरोदरपणात चामखिळी भराभर वाढतात. पोडोफायलिन आणि पोडोफायलोटॉक्सिन तेव्हा पूर्ण वर्ज्य. इमिक्विमॉडही सहसा देत नाहीत. टीसीए, क्रायो आणि गरज पडल्यास काढून टाकणं हे चालतं. पाळी चुकली असेल तर औषध लावण्याआधी साधी लघवीची चाचणी करा. बाळंतपणानंतर पुष्कळदा चामखिळी आपणहून आक्रसतात, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील तर ते टाळाटाळ करत नाहीत. नुसत्या चामखिळी आहेत म्हणून सिझेरियन करत नाहीत, वाट अडली किंवा खूप रक्तस्राव होण्याची भीती असेल तरच.

जोडीदार आणि संशय

घरात भांडण पेटतं ते इथे. चामखीळ दिसली, म्हणजे नवऱ्याने किंवा बायकोने कुठेतरी काहीतरी केलं. विषाणू शरीरात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे, काही महिने, कधी वर्षंही जातात. कोणाकडून आणि कधी आला हे कुठलीही चाचणी सांगत नाही. लग्नाआधीचा संसर्ग लग्नानंतर उमटू शकतो. जोडीदाराला चामखिळी नसल्या तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. दिसत नसलेल्या विषाणूवर उपचार नसतो.

क्रीम कातडीवर असताना संबंध नको, आणि जखम असेपर्यंतही नको. इमिक्विमॉडच्या क्रीममुळे कंडोम कमकुवत होतो, म्हणून आधी धुवा. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण विषाणू कंडोमच्या बाहेरच्या कातडीवरही असतो. तिशीच्या पुढच्या बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी नेहमीच्या वेळापत्रकाने करावी. चामखिळीसाठी ती जास्त वेळा करावी लागत नाही.

परत आल्या तर

परत येतात, आणि बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांतच. त्यात औषध खोटं नसतं आणि तुमचा दोषही नसतो. लहान असतानाच दाखवलं तर एक-दोन वेळच्या टीसीएवर भागतं. पुन्हा पुन्हा येत असतील तर साखर तपासा आणि एचआयव्ही चाचणी केली नसेल तर आता करा. सिगारेट ओढणाऱ्यांच्या चामखिळी जास्त चिवट असतात, त्यामुळे टपरीवरची फेरी कमी केलीत तर उपयोगच होईल. काहींच्या चामखिळी काहीही न करता वर्षभरात जातात. म्हणून फार त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही डॉक्टरांना विचारून घ्यायचा एक रास्त पर्याय आहे.

एचपीव्हीची लस आधीच आलेल्या चामखिळी घालवत नाही, पण न झालेल्या प्रकारांपासून वाचवते. घरातल्या मुलामुलींसाठी ती लैंगिक संबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात सगळ्यात चांगली लागू पडते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, तिच्यात ६, ११, १६ आणि १८ असे चार प्रकार आहेत. गार्डासिल ९ या दुसऱ्या लशीत हे चार आणि आणखी पाच. नुसत्या १६ आणि १८ वरच्या लशीने कर्करोगाचा धोका कमी होतो, चामखिळींना मात्र अटकाव होत नाही. विकत घेताना खोक्यावर ६ आणि ११ हे आकडे आहेत का ते बघून घ्या.